पस्तीस की छत्तीस : एका ओळखीच्या पीसच्या रेकॉर्डिंगचा प्रकरण अभ्यास

बाख या जर्मन संगीतकाराचा सी मेजरमधला पहिला प्रेल्यूड मी तेराव्या वर्षी पियानोवर शिकले. सोळाव्या वर्षी तो पाठ वाजवत होते आणि पन्नाशीपर्यंत तो मला येतो अशीच माझी समजूत होती. यंदा जून ते नोव्हेंबर या काळात तो पुन्हा बसवून नीट रेकॉर्ड करायचा प्रयत्न केला, त्याची ही नोंद. मी नाशिकला, अंबडच्या एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. माल परत आला की तो का आला याचा छडा लावायचा आणि जे सापडेल ते लिहून ठेवायचं, हे माझं रोजचं काम. तीच सवय इथे वापरली आहे. घरच्या घरी, हौसेने, शिकवणाऱ्याशिवाय वाजवणाऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून फसलेलं सगळंही लिहिते आहे.

पीस आणि पियानो

ज्यांनी हा प्रेल्यूड वाजवलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बाखने १७२२ मध्ये चोवीस प्रेल्यूड आणि चोवीस फ्यूग यांची एक वही पूर्ण केली. प्रेल्यूड म्हणजे आधी येणारा छोटा पीस, फ्यूग म्हणजे त्याच्यापुढची, एकाच चालीवर अनेक आवाज गुंफणारी रचना. बारा सुरांपैकी प्रत्येकावर एक मेजर (शुद्ध गंधाराची) आणि एक मायनर (कोमल गंधाराची), अशा चोवीस जोड्या. वही हातोहात नकलून पसरत राहिली आणि छापून आली ती थेट १८०१ मध्ये, बाखच्या मृत्यूनंतर पन्नासेक वर्षांनी. त्या वहीतला हा अगदी पहिला पीस. चार-चार मात्रांचे पस्तीस बार, म्हणजे छोट्या आवर्तनांसारखे भाग. प्रत्येक बारमध्ये डावा हात दोन सूर देऊन धरून ठेवतो, उजवा हात तीन सूर देतो, तेच तीन पुन्हा देतो. आठ झाले. मग तेच आठ परत. बत्तीस बार हाच साचा चालतो, पुढच्या दोन बारमध्ये साचा मोडून सूर वर-खाली पसरतात आणि पस्तिसाव्या बारला एकच कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेला स्वरसमूह. शेवटची कॉर्ड सोडली तर एकूण ५४४ सूर. गाण्यासारखी चाल त्यात नाही, फक्त स्वरसमूह बदलत जातात. बाखने लय लिहिलेली नाही, कुठे हळू कुठे मोठ्याने तेही लिहिलेलं नाही. म्हणून नवशिक्याला हा पीस सोपा वाटतो, आणि म्हणूनच रेकॉर्डिंगमध्ये लपायला जागा राहत नाही.

माझा पियानो अपराइट, म्हणजे उभा आहे, आणि तो पूर्वी माझ्या टीचरचा होता. त्या शरणपूर रोडला राहायच्या, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या आणि संध्याकाळी घरी तीन-चार मुलांना शिकवायच्या. मुलीकडे कायमच्या राहायला गेल्या तेव्हा पियानो मी घेतला, आणि त्याच्याबरोबर त्यांची पिवळी पडलेली, शिवण सुटलेली पुस्तकंही आली. आता तो इंदिरानगरला आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. त्याच्या शेजारच्या कोनाड्यात वडिलांची पेटी असते. अण्णांचं वय ब्याऐंशी. रविवार कारंजाजवळच्या एका भजनी मंडळात त्यांनी चाळीसेक वर्षं पेटीची साथ केली. पाश्चात्य संगीताशी त्यांचा संबंध माझ्या रियाजापुरता, म्हणजे भिंतीपलीकडून ऐकण्याइतकाच. या प्रकरणात त्यांचा वाटा किती मोठा ठरेल याची मला जूनमध्ये कल्पना नव्हती.

पहिलं रेकॉर्डिंग

जूनमधल्या एका रविवारी फोन पियानोवर ठेवला, बटण दाबलं आणि वाजवलं. कुठेही न अडखळता पीस संपला. मी खुशीत ऐकायला बसले आणि अर्ध्या मिनिटात बंद केलं. वाजवताना मला जे ऐकू आलं होतं ते त्यात नव्हतंच. उजव्या हाताचा अंगठा प्रत्येक वेळी ठोका दिल्यासारखा पुढे येत होता, त्यामुळे सगळा पीस लंगडत चालला होता. चोविसाव्या बारनंतर लय पळत होती. आणि आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच उंचीवर, कुठेही लहान-मोठा होत नव्हता.

यातल्या शेवटच्या दोषाबद्दल मला शंका आली. कारखान्यात माप चुकलं की आधी गेज तपासतात, मग माल. मी एक कॉर्ड अगदी हळू आणि एक जोरात वाजवून पाहिली. फोनमधल्या आलेखात दोघींची उंची जवळपास सारखीच. फोन हळू आवाज आपोआप वाढवतो आणि मोठा दाबतो. बोलणं टिपायला ते ठीक आहे, पण पियानोचा सूर विरत जातो तेव्हा तो त्यालाही वर ओढत राहतो. भाच्याकडून हातात धरायचा एक रेकॉर्डर उसना आणला. त्यात ही आपोआप पातळी बंद करता येते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी हाताने लावली. पियानोचं वरचं झाकण उघडलं, पियानो भिंतीपासून हातभर पुढे ओढला आणि रेकॉर्डर झाकणाच्या वर, जरा मागे, स्टँडवर ठेवला. आता लहान-मोठेपणा दिसू लागला. अंगठा आणि पळणारी लय मात्र तशीच राहिली. ते दोष माझे होते.

असं का झालं याचं मी काढलेलं कारण सांगते. चौतीस वर्षं हाच पीस मी आल्या-गेल्यासमोर वाजवत आले. हाताला तो इतका येतो की कानाने त्याच्याकडे लक्ष देणं कधीच सोडून दिलं होतं. वाजवताना मला ऐकू येत होती ती माझ्या डोक्यातली आठवण. नवीन पीसमध्ये असं होत नाही, तिथे चुकण्याच्या भीतीने कान टवकारलेला असतो. आणि मला टीचर नसल्यामुळे माझ्या वाजवण्याकडे बाहेरून बघणारा दुसरा कान घरात नव्हता, निदान मला तसं वाटत होतं.

कॅसेट

माळ्यावरच्या खोक्यात १९९१ ची एक कॅसेट सापडली. टीचरच्या घरी, याच पियानोवर, मी सोळा वर्षांची असताना वाजवलेले पाच पीस. जुना डेक दुरुस्त करून ती लावली. तेव्हाची मी आत्ताच्या माझ्यापेक्षा सरळ वाजवत होते, हे ऐकून वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

लय मोजायला बसले. सुरुवातीपासून शेवटच्या कॉर्डपर्यंत ९६ सेकंद. पण अण्णा आतून म्हणाले, "ही पांढरी एक नाही गं. काळी एकच्या उंबऱ्यावर आहे." ट्यूनर ॲप लावून पाहिलं. पांढरी एक, म्हणजे पियानोवरचा सी, जिथे हवा त्याच्या सत्तर सेंट वर होता. पांढरी एक ते काळी एक हे अंतर शंभर सेंटचं, तेव्हा अण्णांचा उंबरा बरोबर होता. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने धावली पाहिजे, इथे ती चार टक्के जास्त वेगाने धावत होती. तेव्हाच्या डेकने हळू घेतली की आताचा पळवतो, हे आता कळायला मार्ग नाही. दुरुस्ती केली तर ९६ चे १०० सेकंद होतात. पियानो तेव्हा उतरलेला असेल तर टेपचा वेग आणखीच जास्त धरावा लागेल आणि खरा वेळही आणखी लांबेल.

शंभर सेकंदांत किती मात्रा, हे काढायला बार मोजले. चौतीस बार गुणिले चार, आणि मग शेवटची कॉर्ड, असा माझा हिशेब. पण मोजताना शेवटची कॉर्ड पस्तिसाव्या बारला आलीच नाही, छत्तिसाव्याला आली. पुन्हा मोजलं. छत्तीस. मग जूनचं रेकॉर्डिंग मोजलं. तेही छत्तीस. म्हणजे लय मिनिटाला ८४ निघाली, पण आता लयीत मला रस उरला नव्हता. चौतीस वर्षं मी एक बार जास्त वाजवत होते.

जास्तीचा बार कुठून आला

टीचरचं पुस्तक काढलं. तो बार तिथे छापलेलाच होता, बाविसाव्याच्या लगेच पुढे. नव्या, मूळ हस्तलिखितावरून काढलेल्या आवृत्तीत तो नाही. शोध घेतल्यावर कळलं की या बारला जगभरचे पियानोवाले श्वेंकेचा बार म्हणतात. श्वेंके हा अठराव्या शतकाच्या अखेरीचा हॅम्बुर्गचा संगीतकार. बाविसाव्या बारमधून तेविसाव्यात जाताना मंद्रातला सूर जी उडी घेतो ती चुकीची आहे असं समजून त्याने मध्ये एक बार घातला, असं मानलं जातं. एकोणिसाव्या शतकातल्या अनेक छापील प्रतींत तो शिरला. फ्रेंच संगीतकार गुनोने १८५३ मध्ये याच प्रेल्यूडवर वरून एक चाल बसवली, पुढे तिला आवे मारिया या लॅटिन प्रार्थनेचे शब्द लागले आणि ती जगभर गेली. त्यातही हा बार आहे. तेव्हा टीचरच्या पुस्तकात तो असणं यात नवल नाही, आणि टीचरची चूक तर अजिबात नाही. फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या टीचरनीही मला तसंच शिकवलं. तू लिहून ठेव हं हे सगळं." या नोंदीचं एक कारण तेही आहे.

हे वाचलं तरी कान मानेना. पस्तीस बारांचा पीस वाजवून पाहिला की जिना उतरताना एक पायरी चुकल्यासारखं वाटायचं. मग छत्तीसच ठेवावेत का? गुनोला चाललं ते मला का चालू नये? हा प्रश्न मी जेवताना अण्णांसमोर काढला. ते म्हणाले, "तुझ्या डाव्या हाताचा सगळ्यात खालचा सूर तेवढा मला सांग. वरचं काही नको."

पांढरी एकला सा धरून मी सांगितला. बार एकोणीस ते चोवीस, टीचरच्या पुस्तकाप्रमाणे : सा, सा, म, तीव्र म, प, कोमल ध, आणि मग प. बाखच्या वहीप्रमाणे : सा, सा, म, तीव्र म, कोमल ध, प. अण्णांनी पेटी ओढली, दोन्ही वाजवून पाहिलं, मग भाता तसाच धरून गाऊन पाहिलं. पहिलं दोनदा, दुसरं चार-पाच वेळा.

"पहिलं सरळ जिन्यासारखं आहे, एकेक पायरी," ते म्हणाले. "पण पंचम वाटेत दाखवूनच टाकला, तर मग त्याच्यावर येऊन बसायचं काय राहिलं? दुसऱ्यात बघ. तीव्र मध्यम खालून त्याला चिकटलाय, कोमल धैवत वरून चिकटलाय, आणि मधला तो अजून लावलाच नाही. दोन्ही बाजूंनी वळसा घालून मग पंचम. आणि पुढे तो किती वेळ धरलाय?"

आठ बार. चोविसाव्यापासून एकतिसाव्यापर्यंत मंद्रात एकच पंचम, आणि त्याच्यावर बाकीचं सगळं बदलत राहतं. मग बत्तिसाव्यापासून शेवटपर्यंत षड्ज. पीसचा शेवटचा तृतीयांश म्हणजे हे दोन सूर. इतका मोठा पंचम येणार असेल, तर त्याच्या आधी घाईने त्याची ओळख करून देणं म्हणजे पाहुणा दारात येण्याआधीच खिडकीतून त्याच्याशी गप्पा मारण्यासारखं. माझा निर्णय त्या जेवणावर झाला. पस्तीस. बाखने तसं लिहिलं हे एक कारण होतंच, पण तेवढ्याने माझा कान वळला नसता. अण्णांच्या गाण्याने वळला.

(ज्यांना छत्तीसच आवडतात त्यांच्याशी माझा वाद नाही. इतकी वर्षं मलाही तेच आवडत होते.)

हात ऐकेना

निर्णय एका रात्रीत झाला, हात वळायला सात आठवडे लागले. जुलै-ऑगस्टमध्ये मी चाळीस वेळा पूर्ण पीस वाजवायचा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी कुठे अडलं ते वहीत लिहिलं. चाळीसपैकी सत्तावीस वेळा अडखळले, त्यातल्या एकोणीस वेळा एकवीस ते चोवीस या चार बारांत. कधी हात आपोआप जास्तीच्या बारमध्ये जायचा. कधी तो टाळण्याच्या नादात बाविसावाच चुकायचा. आणि एकदा अडलं की मधूनच सुरू करता येईना, पुन्हा पहिल्या बारपासून. पाठांतर हाताचं असलं की ते साखळीसारखं असतं, एक कडी निसटली की पुढचं सगळं खाली.

पहिले तीन आठवडे मी तेच चार बार हळू वाजवत बसले. हळू वाजवलं की बरोबर, लयीत घेतलं की जुनं. हा उपाय चालला नाही. आमच्याकडे याला लक्षणावर केलेली दुरुस्ती म्हणतात.

पुन्हा अण्णाच. "हातापेक्षा गळ्याला सांग," ते म्हणाले. "मंडळात नवा पोरगा आला की मी पेटीवर बोटंच ठेवू द्यायचो नाही. आधी गाऊन दाखव." पस्तीस बारांचे पस्तीस मंद्र सूर मी एका कागदावर सरगमने लिहिले आणि ते पाठ केले. कंपनीच्या बसमध्ये, पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला, मनातल्या मनात. मग डावा हात नुसता खालचा सूर वाजवायचा आणि तोंडाने तो गायचा. त्यानंतर आठ सुरांचा साचा सोडून प्रत्येक बार एकेक कॉर्ड म्हणून एकदम दाबायचा. ही युक्ती माझी नाही. बाखने १७२० मध्ये थोरल्या मुलासाठी सुरू केलेल्या वहीत याच प्रेल्यूडचं आधीचं रूप उतरवलेलं आहे आणि त्यात बराचसा भाग नुसत्या कॉर्ड्सच्या रूपात लिहिलेला आहे. तसं वाजवलं की पीसचा सगळा सांगाडा हाताखालून जातो. शेवटी चोवीस, एकोणीस, पंधरा, नऊ आणि पाच या बारांपासून सुरुवात करायचा सराव केला, मागून पुढे या क्रमाने.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस वाजवताना तीव्र मध्यमावर आले, आणि पुढचा कोमल धैवत मला बोट पडायच्या आधी ऐकू आला. त्यानंतर तो बार पुन्हा शिरला नाही.

याचा एक फायदा मी धरलेला नव्हता. खालचे सूर गायल्यामुळे आठव्या बारातली एक जागा पहिल्यांदा कळली. तिथे डाव्या हाताला शुद्ध नी आणि सा शेजारी-शेजारी आहेत, अर्ध्या सुराच्या अंतरावर, आणि दोन्ही धरून ठेवायचे आहेत. लहानपणी मी तिथे चुकले असं वाटून दुसरा सूर पुसट करायची आणि ती सवय राहिली होती. कॅसेटमध्ये तो सूर ऐकूच येत नाही. आता मी तो पूर्ण वाजवते. सोळाव्या बारात तशीच जोडी ग आणि म यांची आहे. हे दोन खडे काढून टाकले तर उरलेला पीस नुसता गोड होतो.

अंगठा आणि पेडल

अंगठ्याचं थोडक्यात. आठ सुरांत तिसरा आणि सहावा सूर उजव्या अंगठ्याचा येतो, आणि आलेखात नेमके तेच दोन सुळके उंच दिसत होते. अंगठा इतर बोटांपेक्षा जड, आणि मनगट प्रत्येक वेळी त्याच्यावर रेलत होतं. मनगट एका बोटाइतकं वर घेतल्यावर आणि तीन सुरांमधल्या शेवटच्या, सगळ्यात वरच्या सुराकडे लक्ष दिल्यावर सुळके खाली आले. पूर्ण गेले नाहीत.

पेडलवर जास्त वेळ गेला. पायाने ते दाबलं की बोट उचलल्यावरही सूर घुमत राहतो. मी पूर्वी प्रत्येक बारला पेडल दाबून बारभर धरायची. बाखने हा पीस लिहिला तेव्हा फ्लॉरेन्सच्या क्रिस्तोफोरीने पियानो बनवून वीसेक वर्षं झाली होती, पण बाखसमोर असलेल्या हार्पसिकॉर्ड आणि क्लॅविकॉर्ड या पियानोआधीच्या वाद्यांना असलं पेडल नव्हतं. म्हणून पेडल मुळीच नको असं मी म्हणत नाही. पियानो पियानोच आहे. पण डाव्या हाताचे दोन सूर धरून ठेवायचे असं त्याने स्पष्ट लिहिलं आहे, ते बोटांनीच नीट धरले तर अर्धं काम होतं. मी पेडल फक्त मंद्र सुराला हलकं लावून लगेच सोडायचं ठरवलं. रेकॉर्डरने आणखी एक गोष्ट पकडली. पेडल सोडताना आतून बारीक 'किर्र' येत होता, इतक्या वर्षांत कधी जाणवला नव्हता. खालची फळी काढली, लाकडी दांडी जिथे घासते तिथे पेन्सिलीचं शिसं चोळलं. आवाज गेला.

ढोल, पाऊस आणि दसरा

सप्टेंबरमध्ये मी वाजवायला तयार होते, नाशिक तयार नव्हतं. आषाढीनंतर आमच्या मागच्या मैदानात ढोल पथकाचा सराव सुरू होतो तो गणपतीपर्यंत रोज संध्याकाळी. तक्रार म्हणून सांगत नाही. त्यात आमच्या इमारतीतल्या चार मुली आहेत आणि नाशिकच्या ढोलाचा मला अभिमान आहे. पण एक प्रयोग जरूर करून पाहावा. ढोल चालू असताना पियानोचं पेडल दाबून गप्प बसायचं. तारांवरचे दाबे उचललेले असतात, आणि मैदानातला प्रत्येक ठोका मंद्राच्या तारांमध्ये येऊन घुमतो. कुणी हात न लावता पियानो वाजतो. अण्णांना खुर्ची आणून तिथे बसवलं, ते दहा मिनिटं कान देऊन ऐकत राहिले.

दुसरी अडचण सुरांची. मुंबईहून येणाऱ्या ट्यूनरनी सांगितलं की पावसात ट्यूनिंग करून पैसे वाया घालवू नका. पावसाळ्यात हवेतला ओलावा पियानोच्या मागची मोठी लाकडी पाटी पिते, ती फुगते, आणि मधल्या सप्तकाच्या तारा ताणल्या जाऊन चढतात. हवा कोरडी झाली की त्या उतरतात. सव्वादोनशेच्या आसपास तारा आणि सगळ्या सारख्या प्रमाणात चढत-उतरत नाहीत, म्हणून पियानो बेसूर होतो. दसऱ्यानंतर ते आले आणि साडेतीन तास बसले. पुढे दिवाळीचे फटाके. तुळशीचं लग्न झालं, आणि मग शांतता मिळाली.

रेकॉर्डिंग

नोव्हेंबरचे तीन रविवार, दुपारी दोन ते साडेतीन. नाशिक जेवून आडवं झालेलं असतं. वरच्या आणि खालच्या घरी सांगून ठेवलं. पंखा लागत नाही असे दिवस होते. फ्रिजचा प्लग काढला आणि विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. एका बैठकीत पाचच टेक, म्हणजे पूर्ण पीसची पाचच रेकॉर्डिंगं, हा नियम. सरावाच्या वहीत दिसलं होतं की सहाव्यापासून मी वाजवत नाही, चूक टाळत बसते.

पहिल्या रविवारचे पाचही टेक निर्जीव निघाले. सगळे सूर बरोबर, पण घाबरून वाजवलेले. दुसऱ्या रविवारी मी अण्णांना खोलीत येऊन बसायला सांगितलं. त्यांच्यासमोर वाजवताना, खालचे सूर ते मनात गात असणार हे माहीत असल्यामुळे, मीही गात राहिले. चौथा टेक ठेवला. दोन मिनिटं नऊ सेकंद, लय मिनिटाला ६६ च्या आसपास, सोळाव्या वर्षीच्या वेगापेक्षा बरीच कमी. बाविसाव्यातून तेविसाव्यात जाताना मी किंचित थांबले आहे. ठरवून नाही. ते ऐकायला बरं वाटतं.

त्या टेकमध्ये एक दोष आहे. अठ्ठाविसाव्या बारमध्ये डाव्या हाताचा कोमल ग पहिल्या वेळी जवळजवळ वाजलाच नाही, बोट पडलं पण हातोडी तारेपर्यंत नीट पोहोचली नाही. दुसऱ्या टेकमध्ये तोच बार स्वच्छ होता. संगणकावर तो तिथून कापून इथे जोडून पाहिला. जोड मला ऐकू आला नाही, भाच्यालाही नाही. यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही. कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड याने १९६४ नंतर मैफली सोडल्या आणि पुढे स्टुडिओतच काम केलं. बाखच्या याच वहीतला ए मायनरचा फ्यूग त्याने दोन वेगळे टेक जोडून पूर्ण केला आणि तसं उघडपणे लिहिलंही. त्याच्यापुढे प्रश्न पीस कसा उभा राहावा हा होता. माझ्यापुढे प्रश्न मी कुठे आहे हा होता, आणि त्याचं उत्तर जोडलेल्या फाइलमध्ये मिळत नाही. जोडलेली पुसली, चौथा टेक जसा होता तसा ठेवला. तिसऱ्या रविवारी पाच टेक आणखी घेतले, त्यातला एकही त्याच्या जवळ गेला नाही.

चौतीस वर्षांचा तो बार असाच सोडून द्यायला मन होईना, म्हणून त्याच दिवशी शेवटी टीचरच्या पुस्तकाप्रमाणे छत्तीस बारही एकदा वाजवून घेतले आणि फाइल त्यांच्या मुलीला पाठवली. त्यात मी दोनदा चुकले. हात आता तिकडचा राहिलेला नाही.

काय उरलं

चोवीस ते एकतीस, पंचमाचे आठ बार, तिथे लय अजून ६६ ची ७० होते. वाजवताना जाणवत नाही, मोजल्यावर दिसते. अण्णांचं म्हणणं, पंचम मी धरते आहे पण त्याच्यावर बसत नाही. सध्या तेवढेच आठ बार घेते आहे, पेटीवर पंचम धरून ते बसतात आणि मी वाजवते. उन्हाळ्याच्या आधी, हवा फार कोरडी व्हायच्या आत, ट्यूनरना पुन्हा बोलवायचं आहे. वहीतला पुढचा प्रेल्यूड सी मायनरचा, म्हणजे कोमल गंधाराचा, हे परवा बोलण्यात आलं तर अण्णांनी त्याचे खालचे सूर मोठ्या अक्षरात लिहून मागितले. निम्मे झालेत.